पहिल्यापासून सांग बघू!

गेले काही महिने हे लिहायचं टाळत होतो. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. एकतर विषय घरातला. त्यात इथे नियमित डोकावणाऱ्यांपैकी निम्मे ब्लॉगवाले दोस्त आणि निम्मे माझेच नातेवाईक. (काकू, तू वाचतेस हे मला ठाऊक आहे. थोरल्या काकांना वाचून दाखवतेस हेही ठाऊक आहे. या वेळी दाखवायचं की नाही ते तू ठरव.)

झालं असं, की मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी पेपरातलं एक कात्रण टाकलं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एक बाई बारा वर्षांनी पोलिसांत गेली, अशी छोटीशी बातमी. अर्ध्या तासात सतरा मेसेज. त्यातले त्या बाईबद्दल कळवळ्याचे फक्त दोन. बाकी सगळी एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं. बारा वर्षं काय करत होती? एवढं होतं तर आधीच बाहेर का नाही पडली? आणि मग नेहमीचं, ‘नाण्याला दुसरी बाजूही असते.’

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यात एका तरुण सुनेचा मृत्यू झाला आणि कित्येक दिवस महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. तेव्हाही ग्रुपवर असंच पेटलं होतं. तेव्हा प्रश्न तिच्या माहेरच्यांना होता: परत कशाला पाठवलीत? म्हणजे बाई जिवंत असली तर दोष तिचा, आणि गेली तर माहेरचा. प्रश्न विचारणारे आपण मात्र दोन्हीकडे सोफ्यावर.

मंडळी, आमच्या ग्रुपवर हा प्रश्न विचारायचा हक्क कुणालाच नाही. मला तर मुळीच नाही. कारण आम्हीही परत पाठवली होती.

माझी आतेबहीण. मी तिला नुसतं ताई म्हणतो, इथेही तेवढंच म्हणेन. हे सगळं मी तिला विचारून लिहितो आहे. तिने मसुदा वाचला, दोन परिच्छेद काढायला लावले, गावांची नावं काढायला लावली आणि एका ठिकाणी मला दुरुस्त केलं. आज तिचं बरं चाललं आहे, एवढंच लिहायची परवानगी आहे, तेव्हा त्यापुढे विचारू नका.

२०११ सालचा मे महिना. मुलांच्या सुट्ट्या, आंब्याच्या पेट्या, गावचं घर भरलेलं. ताई मुलीला घेऊन आली होती आणि परत जायचं नाव काढत नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्याने तिच्या दंडावरचे वळ पाहिले. मग काय, बैठक. रविवारी सकाळी पुढच्या सोप्यात अकरा माणसं. पोहे झाले, चहा झाला. ताईला मधोमध खुर्ची दिली. तिची पाठ दाराकडे आणि तोंड आम्हा अकरा जणांकडे. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, ‘हं, आता पहिल्यापासून सांग बघू.’

मी वही घेऊन बसलो होतो. ऑफिसात मीटिंगचे मिनिट्स लिहायची सवय, म्हटलं नीट नोंद असावी, उद्या वकिलाला द्यायला उपयोगी पडेल. वहीला समासही आखला होता. डावीकडे तारीख, उजवीकडे घटना.

ताईने सुरुवात केली ती कुकरच्या शिट्टीपासून. तिसरी शिट्टी होत होती म्हणाली. मग एकदम मुलीच्या बारशाच्या वेळचं काहीतरी. मग एका स्टीलच्या डब्याचं झाकण. ते झाकण कसं गोल गोल फिरत राहिलं आणि किती वेळाने थांबलं, हे तिने इतकं बारकाईने सांगितलं की मामा वैतागून म्हणाले, ‘अगं झाकणाचं राहू दे, त्याने मारलं कधी ते सांग.’ ती म्हणाली, गणपतीत. थोड्या वेळाने म्हणाली, नवरात्रात, घट बसले होते. मी वहीतून मान वर केली आणि अगदी सहज विचारलं, ‘पण मघाशी तू गणपतीत म्हणालीस ना?’

वाईट हेतू नव्हता हो. तारीख पक्की करत होतो.

ताई माझ्याकडे बघून थोडीशी हसली आणि गप्प झाली. त्या दिवशी ती पुढे काही बोललीच नाही. त्या हसण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. संध्याकाळपर्यंत घरात हवा बदलली होती. फार काही नसावं, दोघांचेही स्वभाव तापट, तारखाही जुळत नाहीत. पुढच्या रविवारी जावईबापूंना बोलावलं. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. आत्याने ताईची ओटी भरली, काकांनी दोघांना शेजारी शेजारी उभं करून फोटो काढला, आणि आम्ही तिला नांदायला पाठवली.

त्यानंतर ती तिथे दोन वर्षं आणि तीन महिने होती.

गणपती की नवरात्र, याचं उत्तर मला मिळायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. एकदा चहा पिताना मीच विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, ‘दोन्ही वेळा. तू वहीत एकच जागा ठेवली होतीस.’

मी काही मानसशास्त्राचा माणूस नव्हे. पण त्या उत्तरानंतर जरा शोधून वाचायला लागलो, आणि जे समजलं ते जगभरात या क्षेत्रात काम करणाऱ्यांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. जीव वाचवायच्या कामाला लागलेला मेंदू तारखांची वही भरत नाही. वास, आवाज, एखादी वस्तू असं काहीतरी लख्ख कोरलं जातं, आणि आधी काय झालं नि नंतर काय झालं याची साखळी तुटते. म्हणून झाकण आठवतं आणि महिना आठवत नाही. सांगताना माणूस कोरड्या आवाजात सांगतो, मध्येच थांबतो, भलत्या जागी हसतो. आपण मात्र सिनेमे बघून वाढलेले. आपल्याला वाटतं, खरं सांगणारी बाई ढसाढसा रडते आणि ओळीने सांगते. जिला तसं जमत नाही ती खोटी.

आणि मेंदूबिंदू बाजूला ठेवा. रोज घडणाऱ्या गोष्टीची तारीख कुणाला सांगता येते? मागच्या वर्षी वरणाची फोडणी कुठल्या तारखेला करपली, सांगा बरं.

अमेरिकेतल्या ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हे पुस्तक १९९२ साली आलं. त्यांनी सावरण्याचे टप्पे मांडले आहेत. त्यात पहिला टप्पा सुरक्षिततेचा. काय झालं ते आठवणं, सांगणं आणि त्याचं दुःख करणं हे त्यानंतर. आम्ही काय केलं? पायाखालची जमीन हलत असताना तिला दुसऱ्या टप्प्याची तोंडी परीक्षा द्यायला बसवलं, परीक्षक अकरा. आणि नापास करून पहिल्या टप्प्याच्याही मागे ढकललं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये ताई स्वतःच्या पायांनी बाहेर पडली. या वेळी माहेरी आलीच नाही. (का यावं?) ती गेली एका पोलीस ठाण्याच्या आवारातल्या, बायका-मुलांसाठी असलेल्या विशेष कक्षात. हे कक्ष म्हणजे आपल्या महाराष्ट्राने खरं तर मिरवावी अशी गोष्ट. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात, पण वर्दीतला माणूस नव्हे, शिकलेली समाजकार्यकर्ती बसलेली. पुढे ते राज्यभर पसरले. ताईला असा एक कक्ष आहे हे कुणी सांगितलं? भाजीवालीने. आम्हा अकरा पदवीधरांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

तिथल्या बाईंनी काय केलं, ते ताईने मला सांगितलंय. पुन्हा पुन्हा सांगितलंय. आधी पाणी दिलं. मग विचारलं, ‘तुम्हाला दार दिसेल असं बसायचंय का?’ मुलीला कागद आणि खडू दिले. मग म्हणाल्या, ‘आज सगळं सांगायची गरज नाही. आज रात्री तुम्ही दोघी कुठे झोपणार, एवढंच आधी बघू.’ फोन नवरा तपासतो का, विचारलं. मुलीची शाळा कुठे आहे, तिथून तिला कोण घेऊन जाऊ शकतं, विचारलं. त्याने कधी गळा दाबला होता का, हे विचारलं आणि का विचारतेय तेही सांगितलं. गळा दाबणाऱ्या माणसाच्या हातून पुढे खून व्हायचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, म्हणून. हातातल्या कागदावर काय लिहितेय ते वाचून दाखवलं, आणि तो कागद कोण कोण वाचू शकेल तेही सांगितलं. पाऊण तासात बाईंनी एकदाही ‘का’ हा शब्द वापरला नाही. का राहिलीस नाही, का बोलली नाहीस नाही, काही नाही.

ताई म्हणते, ‘त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी वेडी नाही.’

गंमत बघा, सगळी हकिगत ओळीने, तारखांसकट सांगितली ती याच बाईंना. चौथ्या-पाचव्या भेटीत, आपणहून. गणपती आणि नवरात्र दोन्ही.

हल्ली यालाच ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ वगैरे म्हणतात. मराठीत म्हणायचं तर आघाताचं भान ठेवून केलेली मदत. शब्दाला माझा आक्षेप नाही, पण त्याचं जे झालंय त्याला आहे. माझ्या नोकरीच्या निमित्ताने अशा दोन कार्यशाळांना जाऊन आलोय. स्लाइड्स, फ्लेक्स, प्रमाणपत्र, व्हेज पुलाव. एका ठिकाणी तर ‘सुरक्षित जागा’ अशी पाटी लावलेली समुपदेशनाची खोली म्हणजे अर्ध्या उंचीचं प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे झेरॉक्सच्या रांगेत उभ्या माणसाला आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिथे आत बसलेल्या बाईला ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं हा क्रूरपणा आहे, भले बोलणाऱ्या मॅडमकडे प्रमाणपत्र असो.

ही नवी विदेशी फॅशन आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण विधवांवर घरातल्याच पुरुषांकडून काय होत होतं आणि त्यातून त्यांच्यावर काय वेळ येत होती, हे सांगायला नको. फुल्यांनी गावात जाहिराती लावल्या. त्यातला आशय असा: इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल सोबत न्या किंवा इथे ठेवा, ते तुमच्या मर्जीवर. बस्. कोणापासून राहिलं, कधी, कसं, आरडाओरडा का केला नाही, यातलं काही नाही. गुप्तता, सुरक्षितता आणि निवड तिची. आजच्या स्लाइड्सवर बुलेट पॉइंट देऊन जे लिहितात ते सगळं त्या दोन-तीन ओळींत होतं. १६० वर्षांपूर्वी. आपल्याच पुण्यात.

बरं, आता कायदा. आपल्या बैठक-संस्कृतीचा मोठा विश्वास असतो की ‘घरातलं घरात मिटवणं’ हेच कायद्यालाही हवं असतं. कोर्टसुद्धा आधी समुपदेशनाला पाठवतं की, असं काका त्या दिवशी म्हणाले होते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. म्हणजे आमची बैठक भरली तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. त्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशकाबद्दल जे लिहिलंय ते मी नंतर वाचलं आणि अक्षरशः कान लाल झाले. दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाचा नातेवाईक समुपदेशक होऊ शकत नाही. सगळ्या पक्षांनी लेखी हरकत सोडून दिली तरच. समुपदेशन करायचं ते हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवण्यासाठी. मारणाऱ्याला आपल्या मारण्याचं समर्थन करायला तिथे मुभाच नाही, आणि ही गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगायची. समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची इच्छा असेल तर.

आता आमची बैठक आठवा. अकराच्या अकरा नातेवाईक. जावईबापूंचं पाऊण तासाचं भाषण: ऑफिसचं टेन्शन, हिचं उलट बोलणं, आईचं आजारपण. ताईची इच्छा? तिला विचारलं होतं ना! ‘मग जाशील ना नीट?’ असं विचारलं होतं.

हा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. टाकून बोलणं, पैसे अडवणं, लैंगिक जबरदस्ती, सगळं त्यात येतं. बाईला राहत्या घरात राहायचा हक्क त्यात आहे, घर कुणाच्याही नावावर असो. मॅजिस्ट्रेटने पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असंही त्यात लिहिलंय. त्या ६० दिवसांबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात त्यांना हसू येईल, बाकीच्यांनी त्यांना विचारावं. ताईला तीच हकिगत एकूण सात वेगवेगळ्या टेबलांवर सांगावी लागली. दर वेळी नवा माणूस, नवा कागद आणि तेच वाक्य: पहिल्यापासून सांगा. पाचव्या की सहाव्या टेबलावर तिला तिथेच उलटी झाली. आधीच्या टेबलावरचा कागद पुढच्या टेबलाने नुसता वाचला असता तरी पुष्कळ होतं. त्याला ना कायद्यात दुरुस्ती लागते, ना बजेट.

नाण्याची दुसरी बाजू. येतोच तिच्याकडे. खोट्या केसेस होतात का? होत असतील. जुन्या दंडसंहितेतल्या ४९८अ कलमाखाली सरसकट अटक करू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं होतं. ते कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ मध्ये गेलंय. आरोपीला आपली बाजू मांडता आलीच पाहिजे. पण काका, ती मांडायची जागा कोर्ट आहे, आपला सोपा नव्हे. तुमच्या दारात रात्री साडेदहाला भाची उभी असेल तर तुम्हाला निकालपत्र लिहायचं नसतं, तिला अंथरूण घालून द्यायचं असतं. अंथरूण घालायला पुरावा लागत नाही. आणि ज्यांना खऱ्याखोट्याची इतकी चाड आहे, त्यांनी तर आधी हा उलटतपासणीचा प्रकार बंद करायला हवा. घाबरवून, घाई करून, दहा जणांसमोर बसवून खरं बाहेर येत नाही. आमच्या घरचंच उदाहरण आहे. मी वही उघडली आणि खरं बंद झालं.

‘मग इतकी वर्षं का राहिली?’ या प्रश्नाला ताईच्या परवानगीने एक उत्तर. बाहेर पडायचं ठरवल्यावरचे दिवस हेच सगळ्यात धोक्याचे असतात. बाई हातातून निसटतेय हे कळलं की मारणारा आणखी पेटतो. या क्षेत्रात काम करणारी कुणीही हे सांगेल. राहणारी बाई मूर्ख नसते. ती रोज हिशोब मांडत असते: आज गेले तर काय, मुलीच्या परीक्षेनंतर गेले तर काय, खात्यावर किती आहेत, कोण दारात घेईल. ताईच्या हिशोबात शेवटचा आकडा आमचा होता, आणि तो आम्ही शून्य करून दिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या बायकांपैकी जवळपास २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याहून मला छळणारा आकडा पुढचा आहे. अशी हिंसा सोसलेल्या १०० जणींपैकी मदत मागणाऱ्या १४. मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही अशा ७७. आणि ज्या मागतात त्या बहुतेक कुठे जातात? पोलिसांत नव्हे, तिथे जाणाऱ्या फार थोड्या. त्या येतात माहेरी. म्हणजे दवाखाना, पोलीस, कोर्ट हे सगळं नंतरचं. पहिलं टेबल आपलं, ज्यावर पोहे आणि चहा ठेवलेला असतो.

आता माझी दुसरी चूक, कारण ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. ताई बाहेर पडल्याचं कळल्यावर मला जोर चढला. अपराधीपणाचा जोर वाईट असतो. मी दोन दिवसांत वकील गाठला, केस काय टाकायची ते ठरवलं, ओळखीतल्या एका पत्रकाराशी बोललो, आणि सगळी फाईल घेऊन तिच्यासमोर गेलो. आता त्याला सोडायचं नाही! तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तोही असंच सगळं ठरवून यायचा. मी फक्त सही करायची.’

मी अजून ते वाक्य पचवतो आहे. परत पाठवणारे आणि सोडवायला धावणारे, दोघंही तिच्या वतीने ठरवत होतो. तिला काय हवं होतं? मुलीची शाळा बदलायला नको होती, तिचं स्त्रीधन हवं होतं, आणि त्याने दाराशी येऊ नये असा आदेश हवा होता. फौजदारी तिला तेव्हा नको होती. पेपरात तर मुळीच नको होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये डॉक्टर-नर्सेससाठी एक छोटं हस्तपुस्तक काढलंय, त्यात स्पष्ट म्हटलंय की तिने नवऱ्याला सोडावं म्हणून तिचं मन वळवणं हे तुमचं काम नाही, पोलिसांत जायला भाग पाडणं हेही नाही, आणि खोदून खोदून विचारून तिला ते सगळं पुन्हा जगायला लावणं तर नाहीच. ऐका, तिला काय हवं ते विचारा, तिचा विश्वास धरा, सुरक्षिततेचं बघा, पुढचा पत्ता द्या. दिसायला सोपं आहे. मला विचाराल तर गप्प बसून ऐकणं हे वकील गाठण्यापेक्षा दहापट अवघड गेलं.

तिने नाही म्हटलेलं ऐकून घेण्याची आपली सवयच नाही. १८८७ साली मुंबईच्या कोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. तिथे मारहाणीचा प्रश्न नव्हता, प्रश्न एवढाच की बाईचं ‘नाही’ पुरेसं आहे की नाही. त्यांना किती शिव्या बसल्या ते वाचून बघा. पुढे त्या डॉक्टर झाल्या. आपण शाळेत त्यांचं नाव कौतुकाने घेतो, आणि घरी ओटी भरून ठेवतो.

असो. फार झालं.

ग्रुपवर मी काल एवढंच लिहिलंय की यापुढे आमच्या घरातल्या कुठल्याही मुलीची ‘बैठक’ ठरली तर मी येणार नाही, आणि तिला यायचं नसेल तर तिला तिथे कुणी नेऊ शकणार नाही याची व्यवस्था करीन. त्यावर दोन अंगठे आले आहेत, एक काकूचा आहे. काकांचं उत्तर अजून नाही. ग्रुप सोडलेला नाही त्यांनी, हेही काही कमी नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला गरज पडली तर: १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. संरक्षण अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात असतो. घरातला फोन तपासला जात असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून करा, आणि इथे खाली कॉमेंट मुळीच टाकू नका.

आणि आमच्या घरातल्या मुलींसाठी, सुनांसाठी: आमची मागची खोली रिकामी केली आहे. कडी आतून आहे. किल्ली बायकोकडे असते, माझ्याकडे नाही. खोलीत ताईने स्वतः येऊन खुर्ची लावून दिली आहे, दाराकडे तोंड करून. वही मी कपाटात टाकली आहे.